इंदूताईंनी काशीत काय सोडलं

दूधविनायकाच्या गल्लीत नवखा माणूस दुपारचा शिरला की एका खिडकीपाशी हमखास थबकायचा. आतून पोथी वाचल्यासारखा संथ, लयीतला आवाज यायचा आणि त्याच्या पाठोपाठ बायकांचं खळखळून हसणं. पोथी ऐकून कोणी असं हसतं का? माणूस मान वाकवून खिडकीच्या गजातून डोकवायचा, आतून कोणीतरी "काय पाहिजे भैया?" विचारायचं, आणि तो ओशाळून पुढे जायचा.

ती खोली इंदूताईंची. यजमान नरहरगुरुजी अमृतराव घाटावर यात्रेकरूंची कृत्यं सांगायचे. सासरे सांगायचे, त्यांचे वडील सांगायचे, तेच पुढे चालू. इंदूताई लग्न होऊन काशीत आल्या त्याला आता इतकी वर्षं झाली होती की माहेरची माणसं त्यांच्या मराठीला हसत. "भाजी" म्हणायच्या ठिकाणी त्या "सब्जी" म्हणत आणि वीज गेली की "बिजली गेली" म्हणत. पहाटे चारला उठून गंगास्नान, मग पूजा, मग गुरुजींकडे जेवायला येणाऱ्या यात्रेकरूंचा स्वयंपाक. पुरण शिजवता शिजवता त्यांच्या तोंडी स्तोत्र चालू असे आणि शेवटच्या ओळीला फोडणी पडे.

दुपारी मात्र खालच्या थंड खोलीत त्यांचा दरबार भरे. शेजारची मालविका यायची, पलीकडच्या गल्लीतल्या बकुळमावशी यायच्या, आणखी एकदोघी असायच्या. मधे कापसाचा ढीग, वाटीत बोटांना लावायला दूध, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात वळलेल्या वातींची लहानशी रास. आधी पोथीचा एक अध्याय व्हायचा. अध्याय संपला की इंदूताई पोथी कपाळाला लावून लाल फडक्यात बांधायच्या, पदर सारखा करायच्या आणि शेजारचं हिंदी वर्तमानपत्र उचलायच्या. आवाज तोच. लय तीच.

"ऐका हो श्रोतेजन. आपल्याच नगरीत एक सांड बँकेत शिरला. एसीखाली बैठक मारून दोन तास बसला. व्यवस्थापक म्हणतात, कामकाजावर कोणताही परिणाम झाला नाही." इथे त्या चष्म्यावरून पाहायच्या. "आता अर्थ ऐका. त्या शाखेत कोणी दोन तास नुसतं बसून राहिलं, तर कर्मचारी त्याला आपल्यातलाच समजतात."

बकुळमावशी हसता हसता वात सोडून द्यायच्या. त्यांचा मुलगा बंगळूरला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात पंखा आणि त्या. या एका तासासाठी त्या सकाळपासून तयार असत, हे सगळ्यांना दिसायचं. बोलून कोणी दाखवत नसे.

इंदूताईंच्या तडाख्यातून काही सुटत नसे. कोणत्या नटीनं गुपचूप लग्न केलं, अशी बातमी चार फोटोंसह आली की त्या म्हणत, "हिचं गुपचूप असं, मग गाजावाजा केला असता तर आपल्यालाही अक्षता टाकायला बोलावलं असतं." टीव्हीवरच्या मालिकेतली सासू सहा महिने बेशुद्ध होती, इंदूताईंना तिच्या प्रकृतीपेक्षा तिच्या केसांची काळजी. "शुद्ध नाही, पण गजरा रोजचा ताजा. कोण घालतं गं हिला?" सून ईशानी शाळेत शिकवायची. तिच्या फोनवर एक तरुण सांगत होता, रोज पहाटे चारला उठा, तुमचं आयुष्य बदलून जाईल. इंदूताईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी जन्मभर चारला उठत्ये बाई. आयुष्य काही बदललं नाही. दूधवाले तेवढे तीन बदलले."

"आई, आप भी ना!" म्हणून ईशानी तिथेच पलंगावर आडवी झाली होती.

गुरुजी कधी हसत नसत. धंदाच तसला. रोज कोणाच्या तरी अस्थी, कोणाचे तरी पिंड. माणसं रडत असताना गंभीर राहायची सवय चेहऱ्यावर कायमची बसली होती. दुपारी ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजत, आणि बायकांना वाटे, बिचाऱ्यांची झोपमोड होते.

यंदा अधिक महिना जेठात आला. ऊन असं की घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी पाऊल ठेववत नव्हतं, तरी यात्रेकरूंचा लोंढा थांबेना. काशीला आलं की आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची, ही आपल्याकडची रीत. गंगेत उभं राहून हातात पाणी घ्यायचं आणि गुरुजींच्या मागून म्हणायचं. गुरुजींनी इतक्या जणांना सोडताना ऐकलं होतं की त्यांना आता चेहरा बघून कळे. निम्मी माणसं कारलं सोडत. उरलेल्यांत पडवळ, दुधी आणि शेपू. एका गृहस्थांनी राग सोडला होता आणि पायऱ्या चढून वर येईपर्यंत नावाड्याची गचांडी धरली होती.

मालविकेची गोष्ट निराळी. ती नागपूरची. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूनं भोसले घाटावर नेऊन विचारलं, काय सोडतेस? सासूवर छाप पडावी म्हणून पोरीनं धडाक्यात सांगितलं, आंबा! माहेरी अंगणात आंबट, दोऱ्या निघणारा एक गावठी आंबा होता. तो सोडायला काय जातंय? मग जेठ आला आणि बनारसचा लंगडा आंबा घरात आला. पाटीभर. वास जिन्यापर्यंत. त्या दिवसापासून आजतागायत मालविकेनं आंब्याची फोड तोंडात घातली नव्हती.

तर त्या अधिक महिन्यात सांगलीकडच्या देवयानी नावाच्या बाई गुरुजींकडे उतरल्या. साध्या, अबोल. त्यांनी सोडला चहा. नुसता सोडला नाही. त्यानंतर दोन दिवस त्यांचं डोकं ठणकत होतं, हात थरथरत होते, आणि तरी चेहऱ्यावर असं समाधान की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. निघायच्या दिवशी जेवून उठताना त्यांनी सहज विचारलं, "काकू, तुम्ही काय सोडलंय हो?"

इंदूताईंच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

"ती इथलीच आहे," बकुळमावशी मदतीला आल्या. "इथल्यांना नसतं ते."

"असं होय," देवयानीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, इतकी वर्षं काशीत राहायचं म्हणजे तुम्ही कितीतरी सोडलं असेल." बोलण्यात खोच नव्हती. म्हणूनच ते लागलं.

त्या संध्याकाळी इंदूताई चिंचेनं पूजेची उपकरणी घासत बसल्या आणि मनातल्या मनात घर धुंडाळू लागल्या. गोड? ते डॉक्टरांनी आधीच सोडवलं होतं. देवाला डॉक्टरांचं उष्टं कसं द्यायचं? दागिने नव्हतेच फारसे. साड्या ईशानी आणायची. तांब्याचा तळ घासून लख्ख झाला, त्यात त्यांचा चेहरा दिसू लागला, तरी वस्तू सापडेना. तेवढ्यात अंगणात पडलेल्या वर्तमानपत्राकडे नजर गेली. मोठा मथळा होता: उष्म्यापासून बचाव कसा करावा यावर अधिकाऱ्यांची वातानुकूलित सभागृहात बैठक. इंदूताईंच्या ओठांच्या कडा आपोआप वर गेल्या. आणि लगेच खाली आल्या.

सापडली होती वस्तू.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर इंदूताईंनी काय सोडायचं ते सांगितलं, तर गुरुजी म्हणाले, "कारलं सोड."

"मला आवडतं कारलं."

"मग उत्तमच की. आवडीचंच सोडायचं असतं."

"तुम्हाला आवडत नाही म्हणून घरात येतच नाही. न येणारं काय सोडायचं?"

गुरुजी पाण्यात उभे होते. त्यांनी एकदा पैलतीराच्या वाळूकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "अगं, अन्न सोडतात, फळ सोडतात. हसणं कोणी सोडलेलं मी ऐकलं नाही."

"सगळं हसणं नाही. बातम्यांवरचं, मालिकांवरचं. जे मला फार गोड लागतं ते."

"विचार केलास?"

"त्या सांगलीच्या बाईनं चहा सोडला हो," इंदूताई म्हणाल्या, आणि ओंजळीत पाणी घेतलं.

गुरुजींनी संकल्प सांगितला. त्यांच्या आवाजात फरक नव्हता. फक्त नेहमीपेक्षा सावकाश सांगितला.

इंदूताई अर्धवट कामं करणाऱ्यांतल्या नव्हत्या. हसू येऊ नये म्हणून त्यांनी वर्तमानपत्रच हातात घेणं बंद केलं. मालिका लागली की उठून देवघरात. ईशानी फोन पुढे करू लागली की हात जोडून, "नको गं." दुपारी अध्याय संपला की पोथी बांधायच्या आणि मुकाट्यानं वाती वळत बसायच्या.

पहिल्या दिवशी मालविकेनं वर्तमानपत्र वाचून पाहिलं. बिचारीनं मथळ्यापासून जाहिरातीपर्यंत सगळं एका सुरात वाचलं, गुंतवणूक जोखमीच्या अधीन आहे हेही वाचलं. दुसऱ्या दिवशी बकुळमावशींनी राशिभविष्य घेतलं. आपल्याला परदेशगमनाचा योग आहे असं वाचून त्या थांबल्या आणि इंदूताईंकडे पाहू लागल्या. महिन्यापूर्वी याच योगावर इंदूताईंनी बोलता बोलता त्यांची पेटी भरली होती, नावेत बसवलं होतं, समोरच्या रामनगरला नेऊन उतरवलं होतं आणि "परदेश आला, उतरा" म्हणून सांगितलं होतं. आता खोलीत नुसता पंख्याचा आवाज. वाती जाड होऊ लागल्या. मालविकेच्या एका वातीकडे बघून ईशानी म्हणाली, "काकू, इससे तो नाव बाँध लेंगे."

कोणी हसलं नाही.

मोह काय एका बाजूनं येतो? रविवारी ईशानीनं कचोऱ्या आणल्या. पुडीचा कागद तेलानं पारदर्शक झालेला, आणि त्यावर अर्धाच फाटलेला मथळा: 'मुख्य अतिथीच्या भाषणानंतर श्रोत्यांना...' पुढचं कचोरीखाली. इंदूताईंनी नजर वळवली. पण मन ऐकतंय थोडंच? श्रोत्यांना काय? रुग्णालयात हलवलं? उठवलं? घरी सोडलं? पोटातून जी उकळी आली ती पदर तोंडात कोंबूनही आवरेना, आणि नाकावाटे एक चमत्कारिक आवाज बाहेर पडला. ईशानीला वाटलं ठसका लागला. तिनं पाठ चोळली.

इंदूताई तडक गुरुजींकडे गेल्या. "अहो, माझा नियम मोडला. प्रायश्चित्त सांगा."

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. पुडीचा कागद मागवून चष्मा लावून पाहिला. "तोंडानं हसलीस?"

"नाकानं."

"शब्द पुरे वाचलेस?"

"निम्मेच."

"मग सकाळी एक बुडी जास्त मार," गुरुजी म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे जरा हलल्यासारखे वाटले. पण पंखा जोरात होता, धोतरही हलत होतं.

त्यानंतर बकुळमावशी यायच्या बंद झाल्या.

पहिल्या दिवशी वाटलं, ऊन लागलं असेल. मग इंदूताई स्वतः छत्री घेऊन गेल्या. बकुळमावशी पलंगावर पडल्या होत्या, वीज गेलेली, हातात विणलेला पंखा.

"बरं नाही का?"

"बरं आहे की."

"मग येत का नाही?"

"येऊन काय करू इंदू? झोपायला मला माझं घर आहे." मग आपलंच बोलणं जड वाटून त्या म्हणाल्या, "तू पुण्य जोडत्येस, मी कशाला आड येऊ? तुझं बरोबरच आहे. पण तिथं बसलं की जास्तच सुनं वाटतं गं. इथं निदान सवयीचं आहे."

परत येताना इंदूताईंना छत्री उघडायचंही सुचलं नाही. दत्ताच्या देवळापाशी क्षणभर टेकल्या. गंगेत उभं राहून दिलेला शब्द मागे घेता येत नाही. तसं करायचं मनातही येऊ नये. आणि दुसरीकडे ती बाई, हातपंखा हलवत पडलेली. देवाला दिलं ते आपलंच होतं ना? मग बकुळमावशींच्या घरातनं का गेलं? त्यांनी देवाला विचारलं. देव ऐकत होता, पण पुजाऱ्यानं घंटा वाजवून पडदा ओढला.

अधिक महिना संपत आला आणि मालविकेकडे लंगड्याची पाटी आली. तिनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बकुळमावशींना हाक मारली, "मावशी, आंबे खायला या. बोलायचं काही नाही, नुसतं खायचं!" आंब्याला नाही म्हणणं बनारसमध्ये जमत नाही. मावशी आल्या.

इंदूताईंच्या खालच्या खोलीत मालविका पाटी आणि विळी घेऊन बसली. खाली सालींसाठी त्याच दिवसाचं वर्तमानपत्र पसरलेलं. इंदूताई मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसल्या. मालविका एकेक फळ उचलायची, देठाशी नाक न्यायची, क्षणभर डोळे मिटायची. "हा आज. हा उद्या. हा मावशींना, मऊ आहे." फोडी ताटलीत पडत होत्या. हिरव्या सालीतून पिवळाधमक गर, आणि वास असा की खिडकीशी मुंग्या जागच्या जागी थांबाव्यात. तिनं सगळ्यांना वाढलं, बोटं ओल्या फडक्याला पुसली आणि चेहऱ्यांकडे बघत विचारलं, "गोड निघाला का?"

"अगं, साखर!" बकुळमावशी तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या.

मालविकेचा चेहरा असा फुलला की जणू तिनंच खाल्ला.

इंदूताई तिच्याकडे बघत राहिल्या. दर वर्षी हे बघितलं होतं. "मालू," त्या म्हणाल्या, "तुला कधी वाटत नाही, हा आंबा घरात आणूच नये? चिरायचा, वास घ्यायचा, आणि..."

"वाटायचं पहिल्यांदा. सासूबाईंना म्हटलंही, मी नाही चिरणार. तर म्हणाल्या, तू खायचा सोडलायस, वाढायचा कोणी सोडायला सांगितलाय? घरातल्यांचा हिरमोड का करतेस? काढ विळी." मालविका हसली. "आणि खरं सांगू इंदूताई? चव जिभेवर नसली तरी कळते. तोंडं बघितली की कळते."

बकुळमावशींनी दुसरी फोड उचलली.

इंदूताई हळूच उठल्या आणि आतल्या दारापाशी गेल्या. "अहो, जागे आहात का?"

"हूं."

"सोडलेली वस्तू आपण घ्यायची नाही. पण दुसऱ्याला वाढली तर?"

आत पलंग करकरला. गुरुजी दारात आले, नेहमीच्याच गंभीर चेहऱ्यानं. "वाढली तर दोष नाही. वाढावीच."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस ते प्रायश्चित्त," गुरुजी म्हणाले. "शिवाय मला वाटलं, तुला झेपेल का? भरल्या ताटाशी बसून उपाशी राहायचं म्हणजे..." बोलता बोलता त्यांनी मागे धरलेला हात पुढे केला. हातात वर्तमानपत्राचं आतलं पान होतं. बाहेरचं सालींखाली गेलं होतं, हे मात्र त्यांनी वाचवून ठेवलं होतं. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

इंदूताई आपल्या जागेवर येऊन बसल्या. पदर सारखा केला. चष्मा लावला. पान उघडलं आणि पोथीच्या लयीत सुरू केलं.

"ऐका हो श्रोतेजन. जिल्ह्यातल्या एका गावी वृक्षारोपणाचा सोहळा झाला. मान्यवरांनी ज्या खड्ड्यात रोप लावलं, तो गेल्या वर्षीचाच खड्डा होता. तेव्हा लावलेलं रोप आधी काढावं लागलं, कारण ते जगलं होतं."

एरवी इथे त्या चष्म्यावरून पाहायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या. आज पाहिलं, पण चेहरा असा, जणू सत्यनारायणाचा प्रसाद टाकून निघालेल्याचं काय झालं ते सांगतायत. "आता अर्थ ऐका," त्या तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या. "रोपानं शासनाला विचारल्याशिवाय जगू नये."

बकुळमावशींच्या तोंडात फोड होती. ती त्यांनी कशीबशी गिळली, मग इंदूताईंच्या त्या सुतकी चेहऱ्याकडे पाहिलं, आणि फुटल्या. नुसत्या हसल्या नाहीत. भिंतीला टेकल्या, मांडीवर थापा मारू लागल्या, "अगं थांब, अगं नको," म्हणत डोळे पुसू लागल्या. मालविकेच्या हातून विळीवरचा आंबा घरंगळला. ईशानी जिन्यावरून धावत खाली आली, "क्या हुआ? आई हसल्या का?" आणि सासूचा चेहरा बघून तीच पायरीवर बसली. पूर्वी इंदूताई हसत, म्हणून सगळे हसत. आता त्या हसत नव्हत्या आणि त्यानंच सगळ्यांचं पोट जास्त दुखत होतं.

इंदूताईंच्या पोटात काय चाललं होतं ते त्यांनाच माहीत. ओठ दाताखाली घट्ट धरले होते. उकळी वर येत होती, गळ्याशी थांबत होती, परत खाली जात होती. सांगलीच्या बाईचे थरथरते हात आठवत होते. हे सोपं नव्हतं, आणि सोपं नव्हतं म्हणूनच त्यांना बरं वाटत होतं. आता कोणी विचारलंच, काकू, तुम्ही काय सोडलंय, तर डाव हातात अडकणार नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज आला. आधी घुसमटल्यासारखा, मग घोगरा, मग मोकळा. सगळ्या बायका गप्प झाल्या. या घरात इतकी वर्षं येऊन त्यांनी तो आवाज कधी ऐकला नव्हता. नरहरगुरुजी हसत होते.

इंदूताईंनी पान मांडीवर ठेवलं, आतल्या दाराकडे मान वळवली आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं,

"गोड निघाला का?"